घरोघरचं पाणी

ढमाले सर पाणी गिळण्याआधी क्षणभर तोंडात धरायचे. डोळे मिटायचे, गाल थोडे फुगवायचे, आणि घोट खाली उतरला की सांगायचे, "विहिरीचं आहे. पण विहीर कातळातली." समोरची बाई पदर सावरत म्हणायची, "व्हय की, सर! कसं वळीखलं?" मग सर चष्म्याआडून माझ्याकडे बघायचे, वर्गात पहिला आलेला मुलगा बघतो तसे. बरोबर आलं की ते इतके खूश व्हायचे की चुकलं तरी बायका व्हय म्हणत असाव्यात, असा मला आजही संशय आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच, कुणाच्या तरी ओट्यावर पाणी पिताना. पवनेकाठच्या सातवीपर्यंतच्या शाळेत माझी नुकती बदली झाली होती. मी विज्ञान शिकवायचे, ते भूगोल. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की आम्हाला पटनोंदणीला निघावं लागायचं, म्हणजे वाड्यावस्त्यांवर फिरून शाळेत घालायच्या वयाची पोरं शोधायची. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी मला ढमाले सरांबरोबर धाडलं. माझ्या खांद्याला घरून आणलेली पाण्याची बाटली होती. सर म्हणाले, "बाई, ती बाटली शाळेतच ठेवा." मी विचारलं, का? तर म्हणाले, "तहान लागली पाहिजे."

माणूस विक्षिप्त आहे, एवढं माझ्या लक्षात आलं. दुपारपर्यंत आम्ही गावातल्या एकूण एक घरी पाणी प्यायलो. मग डोंगरावरच्या ठाकरवाडीत, मग धरणाच्या अंगाला असलेल्या कातकऱ्यांच्या पाड्यावर. कुठेही गेले तरी सर आधी खाली बसायचे आणि पाणी मागायचे. पोराचं नाव, वय, सगळं नंतर. मला म्हणायचे, "पाणी प्यायलं की पत्ता पाठ होतो, बाई." आणि खरंच, कुठल्या पोराचं घर कुठल्या वळणावर, हे त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

हे सगळं साधं नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. कुणी कुणाच्या घरी पाणी प्यायचं आणि कुणाच्या घरी नाही, हे त्या गावांत प्रत्येकाला माहीत होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. सरही बोलून दाखवायचे नाहीत. त्यांनी यावर भाषण केलेलं मी कधी ऐकलं नाही. पाटलाच्या घरी जसे प्यायचे तसेच पाड्यावर प्यायचे, आणि गावातलं कुणी बरोबर असलं तर तांब्या पुढे करायचे, "घ्या आबा, गार आहे." आबा घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "न्हाई, आत्ताच पेलो." सर "बरं" म्हणायचे. वाद घालायचे नाहीत. परतताना मात्र मला म्हणाले होते, "बाई, 'आत्ताच प्यायलो' हे मावळातलं सगळ्यात जुनं वाक्य असावं."

त्याच पाड्यावर बारका भेटली. आईच्या पाठीमागे लपून आमच्याकडे बघत होती. तिच्या आईने जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पोचे पडलेल्या तांब्यात पाणी आणलं आणि तो सरांच्या हातात न देता जरा लांब, जमिनीवर ठेवला. सरांनी तो उचलला, प्यायले, उरलेलं मला दिलं, आणि म्हणाले, "झऱ्याचं. उंबराच्या मुळातनं येतं." लपलेली पोर एकदम पुढे आली. "तुमाला कसं म्हाईत?" एवढ्यावर ती शाळेत आली. पाड्यावरची सातवी झालेली पहिली मुलगी. सर तिला शेवटपर्यंत पोरी म्हणूनच हाक मारायचे, तिला नातवंडं झाली तरी.

निवृत्तीनंतर सर आणि सुमनवहिनी लोणावळ्याला आले. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, ते वरच्या. शनिवार-रविवार मुंबईच्या गाड्यांनी गाव गच्च भरतं, चिक्कीच्या दुकानांपुढे माणसावर माणूस, आणि आम्ही म्हातारी माणसं दूध आणायला निघालो तरी रस्ता ओलांडता येत नाही. मी यावर रोज चिडते. सर चिडायचे नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि गाड्यांच्या पाट्या वाचायचे. "बघा बाई, नाशिक. ही सुरतेची. घरबसल्या प्रवास!" त्यांना प्रवासाचं फार वेड होतं आणि प्रवास फारसा घडला नव्हता. "गंगा मी फळ्यावर जन्मभर काढली," म्हणायचे, "एकदा काठावर उभं राहून बघायचंय, मी काढायचो तशीच वळते का." वहिनींचे गुडघे जरा बरे झाले की निघायचं, असं ठरलेलं होतं.

गुडघे राहिले बाजूला. सरांना साखरेचा आजार जुनाच होता आणि त्याकडे त्यांनी मनापासून दुर्लक्ष केलं होतं. "एवढ्या घरचा चहा प्यायलाय, बाई, रक्तात साखर नसती तर नवल." मग पायावर सूज आली. जिना चढताना धाप लागायला लागली. तळेगावच्या दवाखान्यात तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली होती. मी शाळेत मूत्रपिंडाची आकृती राजम्याच्या दाण्यासारखी काढून दाखवायचे आणि पोरं हसायची. त्या दिवशी डॉक्टरांनी तशीच आकृती कागदावर काढली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जन्मभर.

गाडी माझी. म्हणजे आमच्या ह्यांची. हे गेल्यावर ती विकायची नाही म्हणून मी निवृत्तीनंतर चालवायला शिकले, आणि सगळ्या सोसायटीला बरेच दिवस तो करमणुकीचा विषय झाला. आता ती कामाला आली. मी चालवायला, सर शेजारी, वहिनी मागे उशी घेऊन. सर दार लावता लावता म्हणायचे, "चला, सहल निघाली." कार्ला गेलं, मळवली गेली, उजव्या हाताला लोहगड-विसापूर दिसले की त्यांचा तास सुरू. हा बेसॉल्ट, ती इंद्रायणी, हे खोरं कसं झालं. मी म्हणायचे, सर, मला परीक्षा द्यायची नाही. ते म्हणायचे, "मला द्यायचीय ना."

डायलिसिसमध्ये यंत्र रक्त धुतं, आणि अंगात साठलेलं पाणीही काढून घेतं. लघवी होत नसल्यामुळे प्यायलेलं सगळं अंगातच राहतं. पायांत, पोटात, शेवटी फुप्फुसात. म्हणून पाणी मोजून. वहिनी सकाळी एक लहान बाटली भरून ठेवायच्या. दिवसभराचा चहा, गोळ्यांचा घोट, सगळं त्यातूनच. संध्याकाळी बाटली संपलेली असायची आणि सर बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून गप्प बसून राहायचे. ज्या माणसाने सगळ्या खोऱ्याचं पाणी चाखलं त्याच्यावर हीच पाळी यावी, याचा मला भयंकर राग आला. देवावर मी फारशी विसंबून नाही, पण राग कुणावर तरी काढावा लागतो.

सर कधी कुरकुरले नाहीत. वहिनींचं मात्र वाईट चाललं होतं. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "बाई, दारावर आलेल्या कुनाला मी पान्याला न्हाई म्हनले न्हाई कधी. आता नवऱ्याला म्हनते. दिवसातनं धा वेळा म्हनते." आणि निवडलेली भाजी आणि देठं पुन्हा एकाच ताटलीत मिसळून बसल्या.

डायलिसिस नसेल त्या दिवशी सर मला म्हणायला लागले, "बाई, जरा लोहगडवाडीला जाऊन येऊ का?" लोहगडवाडीत दत्तू होता, आमचा विद्यार्थी, गडावर जाणाऱ्यांसाठी ताक-भजीचा स्टॉल चालवायचा. मास्तर आलेले बघून त्याने गिऱ्हाइकं सोडली. "सर, ताक घ्या. घरच्या म्हशीचं हाय." सरांनी ग्लास घेतला, ओठ टेकवले, दत्तू भजी काढायला वळला तसा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी प्यायले. दत्तूने पुन्हा भरला. मी पुन्हा प्यायले. पुढच्या खेपेला उर्से. तिथे टोलनाक्याच्या अलीकडे रशीदचं टायरचं दुकान. त्याने आधी चहा आणला, मग सरबत, मग घरून बायकोने पाठवलेलं दूध. सर ओठ ओले करत गेले आणि मी पीत गेले. मला पित्ताचा त्रास आहे. ढमाले सरांच्या विद्यार्थ्यांनी प्रेमाने पाजलेलं एकूण एक पेय मी रिचवलं आणि घरी येऊन गोळ्या घेतल्या.

"सरळ सांगा ना त्यांना," मी परतताना म्हणाले. "आजारी आहे, पाणी चालत नाही. त्यात लाजायचं काय?"

"मास्तर आजारी आहे म्हटलं की पोरं हळू आवाजात बोलायला लागतात, बाई. मला ते नकोय. रशीद कसा ओरडून बोलतो बघितलंत? तसंच हवं."

ते सगळ्यांचा निरोप घेत फिरत होते. एवढं न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. पण त्यांनी तसं म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पाड्यावर जायचं ठरलं तो शनिवार होता. मी म्हटलं, आज नको, येताना गाड्यांत अडकू. शिवाय पुढचं डायलिसिस सोमवारी, मधे मोठा खंड होता आणि सरांचे पाय सकाळीच सुजलेले होते. वहिनींनी निघताना मला जिन्यात थांबवून सांगितलं, "बाई, आज एक थेंब बी नगं. तुमी सोबत हायसा म्हनून सोडते." मी शब्द दिला.

बारकाचं घर आता विटांचं झालं होतं, वर पत्रा. केस पांढरे, पण चाल तीच, झपाझप. सरांना बघून तिने अंगणात सतरंजी टाकली, मुलाला, सुनेला हाका मारल्या, "आरं, माजं सर आल्यात!" आणि आत जाऊन तांब्या घेऊन आली. स्टीलचा, घासून लखलखीत केलेला. मी हात पुढे केला होता. ठरल्याप्रमाणे मीच पिणार होते. पण तिने तो माझ्याकडे दिला नाही, सरांपुढे धरला. आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "नको पोरी. आत्ताच प्यायलो."

मी ऐकलं. त्यांनीही स्वतःचं ऐकलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता, आणि तो एकाएकी म्हातारा झाला.

बारकाने तांब्या छातीशी घेतला. मग अगदी सहज, रागाने नाही, रडून नाही, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. लोनावळ्याला बाटलीचं पानी आसतंय. सवय ऱ्हात न्हाई मग." आणि आत जायला वळली.

"पोरी," सर म्हणाले. "आण इकडं."

"ऱ्हाऊ द्या की."

"आण म्हणतो ना."

त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. मी "सर!" म्हणून ओरडले. त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, वर्गात गोंधळ करणाऱ्या पोराकडे बघावं तसं, आणि पीत राहिले. एवढ्या महिन्यांची तहान होती. गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि मी बघत बसले होते. तांब्या रिकामा झाला. बारका हसली. त्यापुढे काय बोलणं झालं, कुणाकुणाची चौकशी झाली, मला काही आठवत नाही.

गाडीत बसल्यावर माझा तोल गेला. "आजार आहे म्हणून का नाही सांगितलं? कोण होतं तिथे? तिला कळलं नसतं का?"

सर खिडकीतून बाहेर बघत होते. "काय सांगायचं, बाई? तिला जन्मभर प्रत्येकाने काही ना काही कारणच सांगितलंय. उपास आहे, घसा धरलाय, आत्ताच प्यायलो. माझं तेवढं खरं, हे तिने कशावरून मानायचं?"

"म्हणून मरायचं?"

"आज नाही मरत."

मी वाटेत एका रिक्षावाल्याला विनाकारण शिव्या घातल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत त्यांना धाप लागली. आडवं होता येईना. बसले तरी श्वास पुरेना, ओठ निळसर दिसायला लागले. आम्ही त्यांना कसंबसं गाडीत घातलं. ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, पण ती गावाबाहेरच गाड्यांत अडकली होती. जुन्या रस्त्यावर गाडीला गाडी चिकटलेली. शेजारच्या गाडीत तरुण पोरं मोठ्याने गाणी लावून नाचत होती. मी काच खाली करून हात जोडले. पाठीमागे वहिनींच्या खांद्याला टेकून सर माशासारखे तोंड उघडून श्वास घेत होते, ते त्या पोरांनी पाहिलं. गाणं बंद झालं. दोघं उतरले आणि गाड्यांच्या पुढे पळत, दारं बडवत, वाट काढत गेले. त्यांची नावंही मला माहीत नाहीत. लोणावळ्याला येणाऱ्या पर्यटकांविषयी मी त्या दिवसापासून थोडं कमी वाईट बोलते.

सर वाचले. यंत्राने अंगातलं पाणी ओढून काढलं. सकाळी श्वास जागेवर आला होता, आणि तेव्हा वहिनींना खरं काय घडलं ते मी सांगितलं. शब्द मी दिला होता, सांगणंही मलाच भाग होतं. वहिनी माझ्यावर रागावल्या नाहीत. पलंगाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"जगाच्या दारचं पानी पोटभर प्यायचं," म्हणाल्या, "आन माझ्या हातचं तेवढं मोजून. मी काय पाप केलं हुतं हो?"

सर म्हणाले, "चुकलो, सुमन." एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. शाळेत नकाशा चुकला तरी ते फळा चुकीच्या उजेडात आहे म्हणायचे.

बातमी खोऱ्यात पसरायला वेळ लागत नाही. सर घरी आले आणि काही दिवसांनी बारका एसटीने लोणावळ्याला आली. घर विचारत विचारत वर आली आणि दारातच उभी राहिली. वहिनी आत ये म्हणत होत्या, ती ऐकेना.

"सर, मला खुनी करायला निघालतासा व्हय?"

"पोरी, आधी आत ये."

"न्हाई येत. आधी सांगा. माज्या हातच्या पान्यानं तुमी गेला आसता, तर मी कुटं तोंड दावलं आसतं? समदा पाडा म्हनला आसता, बारकानं सर मारलं. ह्ये आलं का तुमच्या ध्यानात?"

सर खुर्चीत होते. हाताला जिथे सुया टोचतात तिथे पट्टी होती. मला वाटतं, हे त्यांच्या खरोखरच ध्यानात आलं नव्हतं. आपल्या जिवाचं काय ते त्यांनी ठरवून टाकलं होतं, पण तांब्या तिचा होता.

"तुला वाईट वाटलं होतं," ते म्हणाले. "मला दिसलं."

"वाटलं तर वाटलं! मला काय पयल्यांदा वाटलं? घरी जाऊन दोन शिव्या दिल्या आसत्या तुमाला. पन तुमी जित्तं ऱ्हायला आसता." मग ती डोळे पुसत आत आली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. वहिनींनी हाताला धरून उठवून तिला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. चहा पिता पिता तिचा राग उतरला. जाताना म्हणाली, "पुन्यांदा या पाड्यावर. पन प्याचं न्हाई. हातावर घ्या. मी घालीन. त्ये बी आमचंच पानी हाय की."

सरांनी तिचं ऐकलं. ते विद्यार्थ्याचं ऐकणारे शिक्षक नव्हते, पण हे ऐकलं. त्यानंतर ते जिथे जिथे गेले तिथे दारातच सांगायचे, "मला पाणी चालत नाही रे. मूत्रपिंडं गेलीत. हातावर घाल." आणि वाकून ओंजळ पुढे करायचे. दत्तूने घातलं, रशीदच्या बायकोने घातलं, बारकाने दोनदा घातलं. सर ते चेहऱ्यावर, मानेवर, मिटलेल्या डोळ्यांवर लावायचे आणि तसेच ओल्या चेहऱ्याने बसून गप्पा मारायचे. रशीद हळू आवाजात बोलायला लागला. सर जे टाळत होते तेच झालं, आणि ते त्यांनी सोसलं. एकदा गाडीत मला म्हणाले, "खरं सांगायला मी फार उशीर केला, बाई. मला वाटायचं, माझ्या एकट्याचा आजार आहे."

मी माझ्यापुरतं एक त्यांच्याकडून घेतलं. माझा रक्तदाब, माझे गुडघे, माझं पित्त, हे मी आता लपवत नाही आणि मिरवतही नाही. कुणी विचारलं तर सांगते, आणि कुणी पुढे केलेल्या हाताला धरून जिना उतरते. आधी मला त्याची लाज वाटायची.

थंडीच्या अखेरीस सर खचत गेले. यंत्रावर घातलं की रक्तदाब कोसळायचा आणि डायलिसिस अर्ध्यात थांबवावं लागायचं. पाणी अंगात राहायचं, तहान तशीच. मग ताप आला, तो उतरेना, आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. शेवटचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. गंगा, नकाशे, बेसॉल्ट, सगळं मागे पडलं. ते एकच मागत होते. "सुमन, घोटभर." वहिनी ओल्या कापसाने ओठ पुसायच्या आणि मान दुसरीकडे करून म्हणायच्या, "न्हाई वो. डाक्टरनी नगं म्हटलंय." पुन्हा थोड्या वेळाने, "सुमन." पुन्हा, "न्हाई वो." मी एकदा बाहेर जाऊन बाकावर बसले, कारण ते ऐकवत नव्हतं. वहिनींना उठून जायची सोय नव्हती.

त्या दुपारी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावलं. तरुण मुलगी होती, आमच्या विद्यार्थिनींच्या मुलींच्या वयाची. तिने माझ्याशी सरळ, घाई न करता बोलून सगळं सांगितलं. हृदय आता यंत्र सोसत नाही. आता सुया नाहीत, यंत्र नाही. सरांनीच दोन दिवसांपूर्वी शुद्धीत असताना तिला पुरे म्हणून सांगितलं होतं, आणि नाशिकला असलेल्या त्यांच्या मुलीशीही ती फोनवर बोलली होती. मुलगी निघाली होती. "आजींना कसं सांगू?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, मलाही माहीत नाही.

आम्ही दोघी आत आलो. सर डोळे मिटून पडले होते, ओठ सुकून भेगाळलेले. वहिनी कापूस भिजवत होत्या. डॉक्टर त्यांच्याजवळ वाकली, त्यांच्या हातातला कापूस हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "आजी, आता त्यांना पाणी द्या. हवं तेवढं द्या."

वहिनींना आधी खरं वाटेना. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला की इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. त्या सरांच्या कानाशी वाकल्या. "आवो, ऐकलं का? मोजू नगं म्हनत्यात." आणि पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "बाई, सुधारलं बगा हे. न्हाईतर आसं कशाला म्हनतील?"

मी मेजावरचा तांब्या उचलून त्यांच्या हातात दिला, आणि वहिनींनी पेला काठोकाठ भरला.